सन्मतीच्या डोळ्यांतला लाल

"हा रंग आमच्या शालूचा नाहीच मुळी!" नवरीच्या मावशीनं भिंतीवर उलगडलेल्या अल्बमकडे बोट रोखलं. "आमचा शालू डाळिंबी होता. तुम्ही पार विटकरी करून टाकलात."

त्रिशला मगदूम हसली. अशा मावश्या तिनं आजवर पुष्कळ पचवल्या होत्या. लग्नात नवरी रुसली तर तिची समजूत काढता येते, पण फोटोत शालूचा रंग बदलला तर आख्खं घराणं रुसतं, हे सांगलीतल्या प्रत्येक फोटोवाल्याला पुरतं ठाऊक असतं. आणि आता तर अल्बम कागदावर राहिलेच नव्हते. घराघरांतल्या भिंतीच चित्रं दाखवायला लागल्यापासून जितक्या भिंती तितके शालू झाले होते.

"मावशी, ही माझी भिंत. तुमच्या घरची भिंत वेगळी. तिची प्रोफाइल मला पाठवून द्या, म्हणजे तुमच्याकडे शालू डाळिंबीच दिसेल. नाही दिसला तर माझं नाव बदला."

मावशी कुरकुरत गेल्या. प्रोफाइल म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, पण कुणी विचारलंच तर सांगायला त्रिशलाकडे एक ठेवणीतलं उदाहरण होतं. फोटोत रंग नसतात, नुसते आकडे असतात. एवढा लाल, एवढा हिरवा, एवढा निळा. आता पोत्यावर नुसतं 'चाळीस' लिहिलं तर चाळीस शेर की चाळीस किलो, हे कसं कळणार? ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. एका पडद्यावरचं चित्र दुसऱ्यावर न्यायचं तर नीट मोजून आकडे बदलावे लागतात, मग रंग तोच राहतो. पण काही नवशिके आकडे तसेच ठेवतात आणि चिठ्ठी तेवढी बदलतात. म्हणजे शेर खोडून किलो लिहायचं. माल तोच, आकडा तोच, आणि हिशोबाचं मात्र वाटोळं. त्रिशलाच्या स्टुडिओत शिकायला येणाऱ्या पोरी ही चूक हमखास करत आणि तिचं बोलणं खात.

मावशी गेल्यावर तिनं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. सन्मती, तिचा नवरा, भिंतीवरच्या त्या शालूकडे टक लावून बसला होता. चेहऱ्यावर असं काही तरी, जे लहान मुलांच्या चेहऱ्यावर झोपेतून उठताना असतं.

"चहा टाकू?" तिनं विचारलं.

"टाक की," तो म्हणाला. भिंतीकडे बघतच.

तीन वर्षं हा माणूस आंधळा होता. हळदीच्या अडतीत त्याचं नाव होतं. सौद्याला सन्मती मगदूम उभा राहिला की मूठभर हळकुंडं हातावर घेऊन, एक मोडून, आतला गाभा बघून भाव सांगायचा आणि दहा जण माना डोलवायचे. मग डोळ्यांचा पडदा झिजायला लागला. वाडवडिलांकडून आलेला आजार. कडेकडेनं अंधार आत आला आणि एके दिवशी मधला उजेडही गेला. अडत पुतण्यानं सांभाळली, मुलगी हैदराबादला शिकायला होती ती रोज फोन करायची, आणि बाकी सगळं त्रिशलानं केलं. त्याला कोशिंबिरीची वाटी ताटात कुठं आहे ते सांगण्यापासून कृष्णाकाठी फिरवून आणण्यापर्यंत. कधी तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तरी त्याला दिसलं नसतं म्हणा.

मग मिरजेच्या एका इस्पितळात डॉक्टर रेहाना मुजावर यांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम पडदा बसवला. नखाएवढा, केसाहून पातळ. उजेड पडला की त्याचे आकडे करायचे आणि ते आकडे नसांमधून मेंदूकडे पाठवायचे, एवढंच त्याचं काम. पण मेंदूला ते आकडे शेरात वाचायचे की किलोत, हे कोण सांगणार? प्रत्येकाच्या नसांची गुंफण वेगळी. म्हणून प्रत्येक रुग्णाची रंगांची प्रोफाइल वेगळी करावी लागे. ती करायची कुणी, तर ज्याची नजर रंगात तयार आहे आणि जो रुग्णाला जवळून ओळखतो, अशा माणसानं.

"तुमच्याहून चांगलं माणूस मला मिळणार आहे का, ताई?" डॉक्टर रेहाना म्हणाल्या होत्या. "फक्त एक ध्यानात ठेवा. पहिले दीड-दोन महिने मेंदू मऊ असतो. तोवर प्रोफाइल हवी तशी बदलता येते. मग रंग बसतो. एकदा बसला की मी काय आणि तुम्ही काय, कुणाला हलवता यायचा नाही."

त्रिशलानं डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. घरातली एकेक वस्तू त्याच्यापुढं धरायची. हा टोमॅटो, कसला दिसतो? लाल. जास्त लाल की कमी? बरोबर आहे. हे विड्याचं पान? हिरवं. बरोबर? बरोबर. वस्तू नसलेले नुसते रंगाचे तुकडे दाखवले की तो जरा अडखळायचा, पण थकला असेल म्हणून ती पुढं जायची. प्रोफाइल झाली तेव्हा डॉक्टरांनीही शाबासकी दिली.

आणि आता बघा. डोळे परत आले, पण ते काही तिच्याकडे येईनात.

पट्टी काढली त्या दिवशी त्यानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं होतं आणि झटकन मान खाली घातली होती. तिला वाटलं, भरून आलं असेल. पण मग तेच चालू राहिलं. बोलताना तिच्या खांद्याकडे बघायचं, कोपराकडे बघायचं, दाराच्या कडीकडे बघायचं. डॉक्टरांच्या तोंडाकडे मात्र नीट बघायचा. मावशीच्या तोंडाकडेसुद्धा. त्रिशलानं एकदा त्याच्यासाठी म्हणून ठेवणीतली साडी नेसली, केसांत मोगरा माळला आणि समोर जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, "छान आहे," आणि गॅलरीत निघून गेला. त्या दिवशी ती आरशासमोर बराच वेळ बसली. तीन वर्षांत केस पांढरे झाले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ह्यांच्या आठवणीत जी होती ती मी राहिलेच नाही, असं तिच्या मनानं घेतलं, आणि एकदा मनानं घेतलं की ते कुणाचं ऐकतं!

बाकी जगाकडे मात्र तो वेड्यासारखा बघायचा. सकाळी डाळिंब फोडून ताटलीत ठेवायचा आणि एकेक दाणा उन्हात धरायचा. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा उघडून तासन् तास बसायचा. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या बघायला त्यानं चहा निवू दिला. घरात एक तंद्री पसरली होती. तो त्या तंद्रीच्या आत आणि ती बाहेर, दारात ताटकळत.

असे चार-पाच आठवडे गेले.

त्या दुपारी त्रिशलाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी पुतण्याचं काम केलं होतं, हळदीच्या पोत्यांवरची छपाई. पोती छापायचं यंत्र अगदी साधं, दोनच शाया, पिवळी आणि निळी. त्याची प्रोफाइल लावून तिनं चित्र पाठवलं. मग लेकीनं मागितलेला एक जुना फोटो उघडला. लग्नानंतरच्या आठवड्यात आयर्विन पुलावर काढलेला. ती लाल साडीत, सन्मती शेजारी, मागं हिरवी झाडं आणि नदी. फोटोला जुन्या मोबाइलची प्रोफाइल द्यायची होती. तिचं बोट गेलं ते सवयीनं सकाळच्याच, पोत्यांच्या यंत्राच्या नावावर.

भिंतीवर फोटो उलगडला आणि त्रिशलानं कपाळावर हात मारला. लाल नावाला उरला नव्हता. तिची साडी चिखलाच्या रंगाची झाली होती, झाडं वाळक्या गवतासारखी, दोघांचे चेहरे फिकट हळदीचे. निळी तेवढी नदी. एखाद्या नवशिकीनं असं केलं असतं तर तिला उभी चिरली असती.

ती चूक सुधारायला वाकली, तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"राहू दे!" सन्मती उठून भिंतीपाशी गेला. त्यानं फोटोतल्या तिच्या गालावर हात ठेवला. "त्रिशू. ही बघ. ही तू."

"अहो, चुकलाय तो. रंग गेलेत सगळे."

"कुठं गेलेत? सगळे तर आहेत." तो लहान पोरासारखा रडत होता. "असंच होतं. पूल असाच होता, झाडं अशीच होती. तू अशीच होतीस."

त्रिशला स्टुलावर बसली. इतकी वर्षं रंगात काढलेली बाई, तिला एका क्षणात सगळं कळलं. तिला जे चूक दिसत होतं, ते त्याला बरोबर दिसत होतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायला जगात एकच कारण होतं.

"तुम्हाला लाल दिसत नव्हता," ती म्हणाली. "कधीच."

"जन्मापासून." त्यानं भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगितलं. "लाल, हिरवा, तपकिरी, सगळे एकाच गोणीतले. दुसरीत असताना पोपट तपकिरी रंगवला म्हणून बाईंनी चित्र वर्गासमोर धरलं. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून एक युक्ती शिकलो. कुणी रंग विचारला की आधी वस्तू ओळखायची आणि मग पाठ केलेला रंग सांगायचा. टोमॅटो लाल. पान हिरवं. पाढ्यासारखं."

"आणि मी प्रोफाइल करत होते तेव्हा…"

"तेव्हा पण पाढेच म्हटले."

"आणि साड्या?" तिचा आवाज चढला. "दुकानात दोन-दोन तास बसून विचारायचे मी, ही घेऊ का ती घेऊ?"

"मी म्हणायचो, उजवीकडची घे."

"बावीस वर्षं उजवीकडची!" त्रिशलाला इतका राग आला होता, की हसूच फुटलं. ती हसता हसता रडायला लागली. "अहो, मला सांगायला काय झालं होतं? बायको होते मी, बाजार समिती नव्हते!"

"अडत्याचा डोळा गेला म्हणजे अडत गेली. भीती बसली होती मनात. पिवळा तेवढा माझा होता गं, त्यातलं बारीकसारीक मला दिसायचं ते कुणाला दिसत नव्हतं. बाकीचं झाकून ठेवलं. झाकली मूठ." त्यानं डोळे पुसले. "मग डोळे परत आले तेव्हा सांगणार होतो. पण तू एवढी रात्रंदिवस खपलीस. हे जग माझं नाहीच, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

त्रिशलाला आता स्वतःचीच लाज वाटली. पोरींना ज्या चुकीसाठी ओरडायची ती तिनं नवऱ्याच्या डोळ्यांतच करून ठेवली होती. त्याच्या मेंदूची चिठ्ठी काय आहे हे न विचारता आपली चिठ्ठी डकवून मोकळी झाली होती. आपल्यासारखंच सगळ्यांना दिसतं, असं धरून चालली होती.

तिनं डॉक्टर रेहानांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन्ही करता येईल, ताई. त्यांचे जुने डोळे जसे होते तशी प्रोफाइल करा, लाल आणि हिरवा पिवळ्यात मिसळून टाका. त्यांचं जुनं जग परत मिळेल. पण मग नवा लाल जाईल तो कायमचा. किंवा आहे ते राहू द्या, शिकतील हळूहळू. या आठवड्यात ठरवा. पुढं रंग बसेल."

सन्मतीला विचारलं तर म्हणाला, "तू ठरव. तुला कळतं त्यातलं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्रिशलानं त्याच्या जुन्या डोळ्यांची प्रोफाइल तयार केली. काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते पुढचं. टॅबलेट मांडीवर घेऊन ती गॅलरीत त्याच्यासमोर बसली. एक बटण दाबलं की पुलावरची त्रिशला त्याला परत मिळणार होती. मग तो तिच्याकडे बघेल. तिला दुसरं काही नको होतं, आणि म्हणूनच बोट पुढं जात नव्हतं. आपल्याकडे बघावं म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांतला एक रंग काढून घ्यायचा, हे कुठलं प्रेम?

ऊन कलतं होतं. खालून भाजीवाल्याची गाडी गेली. सन्मती शेजारच्या मिरच्यांकडे बघत होता.

"लाल कसा असतो, सांगा की मला," ती म्हणाली. "मला तर तो कधीपासून दिसतोय. कुणी विचारलंच नाही, कसा असतो म्हणून."

त्यानं डोळे मिटले. "बाकीचे रंग आपापल्या जागी बसून असतात. हा उठून पुढं येतो. काही बोलत नाही, नुसता येऊन थांबतो. पहिल्यांदा भीती वाटली. मग झोपेत पण यायला लागला. स्वप्नात मी नदीच्या तळाशी चालत असतो, सगळं पिवळं-निळं, आणि लांब कुठंतरी एक मिरची पडलेली असते. मी चालत राहतो तिच्याकडे. पोचत नाही, पण बरं वाटतं." तो जरा हसला. "आणि परवा मिसळ आणलीस. तो कट! एवढी वर्षं ओरपला, तो असा दिसतो होय? मला आधी कळतं तर मी सांभाळून खाल्लं असतं."

त्रिशलाही हसली. मग तिनं धीर केला.

"मिरच्या बघता, कुंकू बघता, मिसळीचा कट बघता. मग माझं तोंडच काय वाईट आहे? म्हातारी झालेय म्हणून?"

"म्हातारी?" त्याला खरंच कळेना. "काय बोलतेस!"

"मग बघत का नाही माझ्याकडे?"

"तुझा चेहरा थांबत नाही, त्रिशू. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघितला की तसाच राहतो. बाकीच्यांचे पण. तुझा मी बघायला लागलो की बदलतो. आधी गळ्यापाशी लाल होतो, मग गालांवर चढतो, मग कानांच्या पाळ्यांपर्यंत. पट्टी काढली त्या दिवशीच बघितलं मी. तापलेल्या तव्यासारखं. म्हटलं, रागावलीये. तीन वर्षं माझं सगळं केलंस, आतून कुठंतरी साठलं असणारच. तो राग मला पूर्वी दिसत नव्हता, आता दिसतोय. म्हणून बघणंच सोडलं. फोटोत तू रागावलेली नव्हतीस."

त्रिशलाच्या गळ्याशी ऊब दाटून आली, तिला ती ओळखीची होती. लग्नाआधी बघायला आला होता तेव्हाची. चारचौघांत त्यानं सहज पाहिलं तरी यायची. तीन वर्षं कुणी पाहणारंच नव्हतं, म्हणून विसरली होती.

"अहो," ती म्हणाली, "तो राग नाही."

"मग काय आहे?"

"बघा की. आत्ता बघा, आणि तुम्हीच सांगा."

सन्मतीनं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. या वेळी मान खाली घातली नाही. गळ्यापासून रंग निघाला, गालांवर आला, कानांपर्यंत गेला. त्रिशलाला तो दिसत नव्हता पण कळत होता, आणि कितीही म्हटलं तरी आवरत नव्हता. पन्नाशीला टेकलेली बाई मी, तिच्या मनात आलं, काय हे!

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं.

"हे… हे असं नेहमी होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी बघितलं की?"

"तुम्हीच बघितलं की. दुसऱ्या कुणी नाही."

"बावीस वर्षं," सन्मती म्हणाला, "आणि मला पत्ताच नाही!" त्यानं तिच्या मांडीवरचा टॅबलेट उचलला आणि बाजूला ठेवला. "पुसून टाक ती प्रोफाइल."

"आणि हळद? सौदा? आता पिवळ्यातही लाल मिसळलाय तुमच्या. परत पहिल्यापासून शिकावं लागेल."

"शिकेन की. वेळ आहे." त्यानं खुर्ची पुढं ओढली, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. त्रिशलाला आता सोसवेना. ती पदर सारखा करायला लागली, मिरच्यांकडे बघायला लागली, खालच्या रस्त्याकडे बघायला लागली.

"ए," सन्मती म्हणाला, "आता तू तोंड फिरवू नकोस."